झुबक्यांचा गुलाब

"माझ्या हाताला गुलाब येत नाही." असे सांगणाऱ्या बाया गावोगाव भेटतात. तुळस येते, मोगरा येतो. झेंडू तर पेरल्याशिवाय उगवतो. गुलाब मात्र आणला की दोन महिने फुलतो आणि मग रुसतो. कधी त्याच्या काड्या काळ्या पडतात. कधी झाड नुसते माजते, भिंतीच्या वर जाते, पण फूल म्हणून धरत नाही. मग घरातली माणसे म्हणतात, "हिच्या हाताला यशच नाही."

यात हाताचा काही दोष नाही. बाजारातून आणलेला गुलाब हे बहुधा एक झाड नसते. ती दोन झाडे जोडलेली असतात. ही गोष्ट विकणारा सांगत नाही, आणि घेणाऱ्याला ठाऊक नसते. सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. तो घोटाळा कसा होतो ते पुढे पाहूच. आधी गुलाब कोणता घ्यावा ते पाहू.

एका दांड्यावर अनेक फुले

गुलाबाच्या जाती हजारो आहेत. आपल्याला त्यांतले दोन गट ओळखता आले तरी पुरे. पहिल्या गटात लांब दांड्यावर एकच मोठे फूल येते. सभेत पाहुण्यांच्या हाती देतात, ते हे फूल. दुसऱ्या गटात एका दांड्याच्या टोकाला पाच, सात, कधी त्याहून जास्त कळ्या एकदम येतात. फूल जरा लहान, पण झुबका भरघोस. झाडही आटोपशीर असते. बहुतेक कमरेच्या खालीच राहते. या गटाला फ्लोरिबंडा म्हणतात. हा लॅटिन भाषेतला शब्द आहे. त्याचा अर्थ 'पुष्कळ फुलांचा'. रोपवाटिकेत याच नावाने मागावा. इथे आपण त्याला झुबक्यांचा गुलाब म्हणू.

लहान अंगण असेल, चाळीतली गॅलरी असेल, तर हाच गुलाब बरा. मोठ्या फुलाचे झाड एक फूल देते आणि पुष्कळ दिवस नुसते उभे राहते. झुबक्याचे झाड एका वेळी देवाला, वेणीला आणि शेजारणीला पुरेल एवढे देते.

हा गट मूळचा आपल्याकडचा नव्हे. डेन्मार्क हा युरोपातला थंड देश. तिथे पौलसन नावाचे घराणे रोपांचा धंदा करी. त्यांना असा गुलाब हवा होता, की जो थंडीला दाद देणार नाही आणि हंगामभर फुलत राहील. त्यांनी झुबक्याने फुलणारे बुटके गुलाब घेतले आणि मोठ्या फुलांच्या गुलाबांशी त्यांचा संकर केला. संकर म्हणजे एका जातीच्या फुलातला पराग दुसऱ्या जातीच्या फुलावर ठेवायचा, धरलेले बी पेरायचे आणि उगवलेल्या रोपांतून चांगले तेवढे निवडायचे. शेकडो रोपांतून एखादे हाती लागते. १९२४ साली त्यांचा 'एल्से पौलसन' नावाचा गुलाबी रंगाचा गुलाब आला. तो फार गाजला.

आपल्या देशात हे काम डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांनी केले. त्यांचा जन्म १९०६ सालचा. ते मुळात गव्हाचे शास्त्रज्ञ. तांबेरा रोगाला बळी न पडणारा गहू काढण्यात त्यांनी आयुष्याची पुष्कळ वर्षे घातली. १९६५ साली ते भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले. एवढे काम सांभाळून हा माणूस गुलाबाच्या वाफ्यात रमे. १९६२ साली त्यांनी 'रोझ शर्बत' नावाचा झुबक्यांचा गुलाब काढला. रंग गडद गुलाबी, आणि वास नावाला शोभेल असा. पुढच्या वर्षी 'दिल्ली प्रिन्सेस' हाही गुलाबी झुबक्याचा गुलाब त्यांनी दिला. डॉ. पाल १९८९ साली वारले. त्यांचे गुलाब दिल्लीच्या उन्हात वाढलेले आहेत, म्हणून आपल्या उन्हालाही ते पुष्कळसे मानवतात. परदेशातल्या चित्रात पाहिलेला प्रत्येक गुलाब इथे तगेलच असे नाही. मिळाला तर आपल्याकडचा घ्यावा, असे मला वाटते.

वास नाकाने पाहावा

आता वासाचे. खरे सांगायचे तर झुबक्याच्या पुष्कळ गुलाबांना वास बेताचाच असतो. काहींना अजिबात नसतो. गेली कित्येक वर्षे धंद्याची निवड वेगळ्या गोष्टींवर चालली. फूल पेटीत भरून लांब पाठवायचे, दुकानात चार दिवस ठेवायचे. तेव्हा टिकाऊ पाकळी हवी, सरळ दांडा हवा, ठळक रंग हवा. ही निवड करता करता वास मागे राहून गेला. वासाचा गुलाब संपलेला नाही, पण तो शोधावा लागतो.

शोधायचा कसा? चिठ्ठीवरचे नाव वाचून नव्हे, नाकाने. रोपवाटिकेत सकाळी लवकर जावे. गुलाबाचा वास म्हणजे पाकळ्यांतले उडून जाणारे तेल. दुपारच्या कोरड्या झळांनी ते भराभर उडून जाते. घट्ट कळीला वास कळत नाही, आणि फूल शिळे झाले की तो सरलेला असतो. अर्धे उमललेले फूल हातात धरून हुंगावे. एकाच झाडाची दोन-तीन फुले हुंगावीत. मग ठरवावे. "घरी नेल्यावर वास येईल हो," असे कोणी म्हटले तर ते झाड तिथेच ठेवावे.

दोन झाडांचे एक झाड

आता त्या घोटाळ्याकडे वळू.

चांगल्या जातीच्या गुलाबाची मुळे पुष्कळदा नाजूक असतात. म्हणून रोपे करणारे लोक आधी रानटी, काटक गुलाबाची काडी लावतात. तिला खुंट म्हणतात. खुंट जगला, जोमाने वाढला, की त्याच्या सालीला चिरा देतात आणि त्यात चांगल्या गुलाबाचा एक डोळा बसवून बांधतात. याला डोळा भरणे म्हणतात. डोळा फुटून त्याची फांदी झाली, की वरचा रानटी शेंडा कापून टाकतात. म्हणजे जमिनीखालचे झाड एक, वरचे झाड दुसरे. जिथे ती जोडली, तिथे एक गाठ दिसते. त्या गाठीला सांधा म्हणू.

या सांध्याच्या वरून जे फुटेल ते आपले. सांध्याच्या खालून जे फुटेल ते रानटी. एवढे एक वाक्य पक्के ध्यानात ठेवले, तर निम्मी झाडे वाचतील.

होते काय, पाहा. झाड आणले, लावले. दोन महिन्यांनी बुंध्यापाशी एक नवा कोंब निघतो. हिरवागार, सरळ, बोटाएवढा जाड. घरातल्या माणसांना आनंद होतो. "बघा बघा, गुलाबाने जोर धरला!" त्याला पाणी घालतात, आधाराला काठी लावतात. तो कोंब दिवसागणिक वाढतो, आणि वरची जुनी, फुलांची फांदी वाळत जाते. मुळांनी आणलेले अन्न रानटी फांदी आधी ओढून घेते. वर्षा-दोन वर्षांत फुलांचा गुलाब मरतो. राहतो तो खुंट. त्याला एक तर फूल येत नाही, किंवा बारीक, साधी फुले येतात. माणसे म्हणतात, गुलाब वांझ झाला. दोन वर्षे ज्या झाडाला पाणी घातले, ते विकत आणलेले झाडच नव्हे.

पुष्कळ ठिकाणी एक खूण सांगतात. "पाच पानांची फांदी चांगली, सात पानांची रानटी." ही खूण धरू नये. चांगल्या जातींच्या जोमदार फांदीलाही सात पाने येतात. पाने मोजून फांदी तोडाल, तर एखादे दिवशी आपलीच फांदी तोडून बसाल. खात्रीची रीत एकच. खाली बसावे, बुंध्याजवळची माती बोटांनी बाजूला करावी आणि कोंब नेमका कुठून निघाला ते पाहावे. सांध्याच्या वरून निघाला असेल तर माती सारखी करावी आणि त्याला वाढू द्यावे. खालून निघाला असेल तर काढावा.

काढतानाही कात्रीने वरच्यावर कापू नये. वरून कापला की खाली राहिलेले डोळे फुटतात, आणि एकाचे तीन कोंब होतात. तो जिथून निघाला तिथपर्यंत माती उकरावी, मुठीत धरावा आणि खाली ओढून उपटून काढावा. कोंब कोवळा असतानाच हे सोपे जाते. म्हणून महिन्यातून एकदा बुंध्याकडे नजर टाकावी.

आणि झाड विकत घेतानाच सांधा पाहून घ्यावा. फूल पाहून भुलू नये. पिशवीतल्या रोपाला एक टपोरे फूल असते, आणि खाली एकच बारीक काडी असते. असे रोप घेऊ नये. सांध्याच्या वरून निघालेल्या दोन-तीन चांगल्या काड्या असाव्यात. काड्यांची टोके काळी पडलेली नसावीत. सांध्याला बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी अजून तशीच आवळलेली असेल, तर घरी आल्यावर ती हलक्या हाताने सोडावी. नाही तर फांदी जाड झाल्यावर ती गळफास होते.

जागा आणि खड्डा

गुलाबाला ऊन लागते. दिवसातून पाच-सहा तास तरी हवे, आणि ते सकाळचे असेल तर फार चांगले. सकाळच्या उन्हाने पानांवरचे दव लवकर वाळते, मग रोग कमी पडतो. विदर्भात, खानदेशात वैशाखातली दुपार मात्र फार कडक. तिथे दुपारनंतर भिंतीची सावली येईल अशी जागा पाहावी. मोठ्या झाडाखाली लावू नये. मोरीच्या तोंडाशीही लावू नये.

मोरीवरून आठवले. साबणाचे, धुण्याचे पाणी गुलाबाला चालत नाही. त्यातल्या खारांनी माती बिघडते. पाण्याची ओढ असेल, तर तांदूळ-डाळ धुतलेले पाणी, भाजी धुतलेले पाणी खुशाल घालावे.

लावायला पाऊस सुरू झाल्यावरचे दिवस किंवा पाऊस ओसरल्यावरचे भाद्रपद-आश्विनाचे दिवस चांगले. कोकणात मुसळधार पावसात लावू नये. तिथे पाऊस संपल्यावरच लावावे.

खड्डा दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल असावा. दोन झाडांत दोन फूट अंतर सोडावे. निघालेल्या मातीत एक घमेले चांगले कुजलेले शेणखत, दोन ओंजळी निंबोळी पेंड आणि मिळाल्यास ओंजळभर हाडांचा चुरा मिसळावा. शेण ताजे नको. ते मातीत कुजताना तापते, आणि त्यात हुमणी होते. हुमणी मुळ्या खाते. काळी चिकण माती असेल तर वाळू किंवा बारीक मुरूम मिसळावा आणि वाफा वीतभर उंच करावा. गुलाबाला पाणी हवे असते, पण पाय पाण्यात बुडालेले खपत नाहीत.

पिशवी ब्लेडने चिरून काढावी. मातीचा गोळा फुटू देऊ नये. झाड बसवताना सांधा जमिनीच्या दोन बोटे वर राहिला पाहिजे. विलायती पुस्तकांत सांधा मातीत पुरावा असे लिहिलेले असते. ते बर्फाच्या देशांसाठी आहे. तिथे हिमाने सांधा मरू नये म्हणून पुरतात. आपल्याकडे पुरला, तर तो कुजण्याची भीती. शिवाय रानटी कोंब कुठून आला तेही दिसत नाही.

अंगण नसेल तर फुटभर रुंद, फुटभर खोल कुंडी घ्यावी. तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबाही चालतो. राख लावून तो आतून स्वच्छ धुवावा, म्हणजे तेलकटपणा जाईल. बुडाला पाच-सहा भोके पाडावीत आणि त्यांवर खापराचे तुकडे ठेवावेत. माती दोन भाग, शेणखत एक भाग, वाळू एक भाग. पत्रा उन्हाने तापतो, म्हणून बाहेरून गोणपाट गुंडाळावे. दोन विटांवर डबा ठेवला की पाणी निघून जाते आणि पत्रा लवकर गंजत नाही.

पाणी किती घालायचे ते घड्याळावर ठरत नाही. मातीत बोट खुपसावे. दोन पेरे खाली माती कोरडी लागली तर घालावे, ओली लागली तर थांबावे. घालावे तेव्हा भरपूर घालावे. कुंडीला उन्हाळ्यात रोज लागेल. पाणी बुंध्याशी घालावे. संध्याकाळी पानांवर शिंपडू नये.

छाटणी

गुलाब छाटायचा म्हटले की हात थरथरतो. "वाढलेले झाड कापायचं कशाला?" असे आजी विचारते. तिला असे सांगावे. गुलाबाला फूल नव्या फुटीवर येते. जुन्या काड्या तशाच ठेवल्या तर नवी फूट बारीक येते, आणि फूल त्याहून बारीक.

थंड देशांत गुलाब हिवाळ्यात झोपतो, म्हणून तिथे हिवाळा संपता संपता छाटतात. आपल्याकडे हिवाळा हाच गुलाबाचा खरा हंगाम. म्हणून पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याला छाटावा. साधारण सहा-सात आठवड्यांनी फुले येतात. म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास छाटलेले झाड डिसेंबरात बहरते.

आधी मेलेल्या, काळ्या काड्या मुळापासून काढाव्यात. मग एकमेकींवर घासणाऱ्या काड्यांतली बारीक ती काढावी. उरलेल्या चांगल्या काड्या जमिनीपासून फूट-दीड फूट ठेवून कापाव्यात. मोठ्या फुलांच्या गुलाबाला तीन-चारच काड्या ठेवतात. आपल्या झुबक्याच्या गुलाबाला पाच-सात ठेवल्या तरी चालतील. आपल्याला एक मोठे फूल नको आहे, पुष्कळ फुले हवी आहेत.

काप बाहेरच्या बाजूला पाहणाऱ्या डोळ्याच्या बोटाच्या अर्ध्या पेराएवढा वर, तिरपा द्यावा. बाहेरचा डोळा फुटला की झाड मधून मोकळे राहते आणि वारा खेळतो. कात्री धारेची हवी. विळ्याने छाटू नये, काडी चिरते. कापलेल्या जागी आतला गाभा पांढरा किंवा हिरवट दिसला पाहिजे. तपकिरी दिसला तर आणखी खाली कापावे. काही जण छाटणीआधी मुळ्या उघड्या करून उन्हात ठेवतात. ही जुनी रीत आहे, पण झुबक्याच्या लहान झाडाला, आणि कुंडीतल्या झाडाला तर मुळीच, हे सोसत नाही. करू नये.

कापलेल्या टोकांतून रोग शिरतो. काडी वरून काळी पडत खाली मरत येते, ती बहुधा इथूनच. म्हणून टोकांना बोर्डो मलम लावावे. ते घरी होते. दहा ग्रॅम मोरचूद पन्नास मिलिलिटर पाण्यात विरघळावे. दहा ग्रॅम चुना दुसऱ्या पन्नास मिलिलिटर पाण्यात कालवावा. मग दोन्ही एकत्र करून ढवळावे. भांडी मातीची किंवा प्लॅस्टिकची घ्यावी, लोखंडाची नको. मलमात स्वच्छ लोखंडी खिळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला तर आणखी थोडा चुना घालावा. मोरचूद विषारी आहे. मुलांच्या हाती लागू देऊ नये, आणि ती भांडी पुन्हा स्वयंपाकघरात आणू नयेत.

छाटल्यावर आठवड्याने झाडाला अर्धे घमेले शेणखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड द्यावी.

झुबक्यात मधली कळी सगळ्यांत आधी मोठी होते. ती उमलून वाळते, तोवर बाजूच्या कळ्या उमलू लागतात, आणि झुबका मध्ये शिळा, कडेला ताजा असा दिसतो. मधली कळी वाटाण्याएवढी असतानाच नखाने खुडून टाकली, तर बाकीच्या जवळजवळ एकदम उमलतात. एक कळी जाते, पण झुबका भरतो. फुले वाळल्यावर एकेक ओढत बसू नये. सगळा झुबका खालच्या चांगल्या पानापर्यंत कापावा. तिथून नवी फांदी येते, आणि तिच्यावर पुन्हा झुबका.

कीड, औषध आणि घरातली मुले

कोवळ्या शेंड्यांवर हिरवे, बारीक किडे चिकटून बसतात. तो मावा. पाण्याचा जोराचा फवारा मारला की बराचसा धुऊन जातो. चार दिवस लागोपाठ मारावा. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा दिसला तर त्याला मारू नये. तो मावा खातो. उन्हाळ्यात पानांच्या खालून लाल कोळी लागतो, पाने निस्तेज होतात. त्यालाही पानांच्या खालच्या बाजूने पाणी मारणे हाच पहिला उपाय. मात्र हे सकाळी करावे, म्हणजे पाने दुपारपर्यंत वाळतात.

पावसाळ्यात पानांवर काळे डाग पडतात आणि पान पिवळे होऊन गळते. अशी पाने झाडाखाली पडू देऊ नयेत. गोळा करून लांब पुरावीत. हिवाळ्यात कोवळ्या पानांवर पिठासारखे पांढरे दिसते, ती भुरी. रोगट शेंडे खुडावेत आणि झाडात वारा खेळता ठेवावा.

एवढ्याने भागले नाही तर निंबोळीचा अर्क करावा. पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवाव्यात. सकाळी फडक्याने गाळून घ्यावे, चिमूटभर साबणाचा चुरा मिसळावा आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर फवारावे. तो किडीवर चालतो. भुरीवर त्याचा फारसा भरवसा धरू नये.

दुकानातले कीडनाशक शेतासाठी असते. ते घरच्या गुलाबावर मारू नका, असे मी स्पष्ट सांगतो. गॅलरीतल्या कुंडीवर मारलेले औषध शेजारच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जाते, पाण्याच्या पिंपात जाते. आणि गुलाब हे नुसते पाहायचे फूल नाही. लहान मूल पाकळी तोडून तोंडात घालते. देवाला वाहिलेली पाकळी तीर्थात पडते, ते तीर्थ आपण पितो. झेंडूची पाकळी कोणी खात नाही, गुलाबाची खातात.

दुसरी भीती काट्याची. गुलाबाचा काटा टोचला की आपण बोट तोंडात घालतो आणि कामाला लागतो. पण मातीत आणि शेणखतात धनुर्वाताचे जंतू असतात. काट्याची जखम अरुंद आणि खोल असते. असल्या बंद जखमेत हवा पोचत नाही, आणि तिथेच ते जंतू वाढतात. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवावी. धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती ते आठवत नसेल, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारावे. हळद लावून बसू नये. काम करताना जाड हातमोजे किंवा निदान जुन्या कापडाची दुहेरी घडी हाताला गुंडाळावी.

काडीपासून रोप

छाटलेल्या काड्या फेकायच्या नाहीत. पेन्सिलीएवढ्या जाड, निरोगी काड्या निवडाव्यात. प्रत्येकीचा वीतभर तुकडा करावा. खालचा काप डोळ्याच्या अगदी खाली द्यावा. वरची एक-दोन पाने ठेवून बाकीची काढावीत. वाळू आणि माती निम्मी निम्मी घेऊन पिशवीत भरावी आणि काडी निम्मी आत खोचावी. सावलीत ठेवून माती ओलसर राखावी. महिना-दोन महिन्यांत मुळ्या धरतात. सगळ्या काड्या जगत नाहीत. दहा लावल्या आणि चार जगल्या तरी चांगले. पाने फुटली म्हणून लगेच उपटून पाहू नये. काडीत साठलेल्या रसावरही पाने फुटतात. ओढल्यावर काडी घट्ट लागली, की मुळ्या आल्या असे समजावे.

अशा रोपाला सांधा नसतो. वरही तेच झाड, खालीही तेच. त्याला रानटी कोंब येण्याची भीती नाही. वाढ पहिले वर्षभर हळू होते, एवढेच. ज्या बाईचा गुलाब एकदा खुंटाने खाल्ला आहे, तिला शेजारणीने असे एक रोप द्यावे.

गुलकंद

औषध न मारलेला, वासाचा गुलाब घरी असला की गुलकंद करता येतो. बाजारात हाराला मिळणाऱ्या फुलांचा करू नये. त्यांवर काय मारले आहे ते आपल्याला कळत नाही. रोपवाटिकेतून आणलेल्या झाडाची पहिली फुलेही खाऊ नयेत. छाटणी होऊन नव्या फुटीवर आलेली फुले वापरावीत.

झुबक्याच्या फुलांना पाकळ्या लहान. एका दिवसात किलोभर जमणार नाहीत, आणि जमवायची गरजही नाही. सकाळी पाच-दहा फुले निघतील तेवढी घ्यावीत. पाकळ्या सुट्या करून त्यांत किडे नाहीत ना ते पाहावे. धुऊन, फडक्यावर सावलीत पसरून पाणी पुरते वाळू द्यावे. काचेच्या कोरड्या बरणीत पाकळ्यांचा एक थर, त्यावर दळलेल्या खडीसाखरेचा एक थर द्यावा. खडीसाखर पाकळ्यांच्या वजनाइतकी तरी हवी. गोड आवडत असेल तर दीडपट. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा फुले निघाली की त्यावर पुढचा थर द्यावा. बरणी तीन हिस्से भरली की पुरे. मग तोंडाला फडके बांधून तीन-चार आठवडे रोज उन्हात ठेवावी आणि एक दिवसाआड ढवळावी. पाकळ्या मऊ होऊन पाकात मुरल्या, तपकिरी झाल्या, की गुलकंद झाला. बरणीत ओला चमचा घालू नये, बुरशी येते.